सावड : डिंभे ते भंडारदरा, मे महिन्यातले पाच दिवस

कळसूबाई दोनदा झालंय, हरिश्चंद्रगड किती वेळा ते आता मोजत पण नाही, पण गडाच्या पायथ्याला ज्या घरात दरवेळी पिठलं-भाकरी खाल्ली त्या घराची जमीन कुठंय, ती नाचणी कुठल्या उतारावर पिकते, हे एकदाही विचारलं नव्हतं. म्हणून यावेळी ठरवलं की गड नाही, शेतं बघायची. मी आणि माझी मैत्रीण, ती शेतकी कॉलेजातून शिकलेली त्यामुळे तिला माझ्यापेक्षा बरंच कळतं. मे महिन्याचा शेवटचा आठवडा मुद्दाम निवडला, कारण पावसाळ्यात डोंगर हिरवा दिसतो खरा पण त्या हिरवाईची तयारी सगळी मे महिन्यातच झालेली असते.

पहिला दिवस

मंचरहून घोडेगाव, तिथून डिंभे. धरणाच्या भिंतीपासून पुढं रस्ता फुगवट्याच्या कडेकडेनं जातो. पाणी खूप खाली गेलेलं, आणि जिथं एरवी पाणी असतं तिथं काठावर हिरवे पट्टे दिसत होते. मैत्रीण म्हणाली गाळपेर. म्हणजे पाणी जसजसं उतरतं तसतशी उघडी पडलेली गाळाची जमीन कसायची, पाऊस लागून धरण भरायच्या आत पीक काढून घ्यायचं. धरण घोड नदीवर आहे, कुकडी प्रकल्पातलं, कालव्यांचं पाणी खाली सपाटीला जातं आणि ज्यांची भातखाचरं पाण्याखाली गेली ते लोक वर सरकले. नदीकाठची चांगली जमीन गेली, हाती राहिला उतार. आज जे बघायला आम्ही आलो होतो त्याची सुरुवात इथून होते असं मला वाटतं, म्हणून आधी सांगितलं.

ज्या दादांकडे उतरायचं होतं त्यांच्या घरी पोचलो तर घराला नुसती कडी. शेजारची मुलगी म्हणाली, "सगळी पडकईला गेलीत, वरच्या अंगाला."

पडकई हा शब्द मी वाचला होता, बघितली नव्हती. डोंगराचा उतार फोडून त्याचं भातखाचर करायचं. वरच्या बाजूची माती खणायची, खालच्या बाजूला दगडांची ताल रचायची आणि माती तिच्यामागं ओढून सपाट करायचं. वाचताना सोपं वाटतं. प्रत्यक्षात चौदा-पंधरा माणसं, बायका, दोन कॉलेजची पोरं, पहारी, घमेली, आणि ऊन. दादांनी आम्हाला लांबूनच बघितलं, हात केला आणि काम थांबवलं नाही. आम्ही पिशव्या झाडाखाली ठेवल्या आणि घमेल्यांच्या रांगेत उभ्या राहिलो.

तीन तास दगड वाहिले. त्या तीन तासांत जे कळलं ते एरवी कळलं नसतं. वरची काळी माती आधी खरवडून एका बाजूला ढीग करून ठेवतात, कारण खालची मुरमाड माती वर आली तर दोनतीन वर्षं पीक धड येत नाही. सगळं सपाट झालं की तीच काळी माती परत वर पसरायची. तालीला सिमेंट अजिबात नाही, नुसता दगडावर दगड, मोठा तळाला, फटीत चिपा, आणि तोंड किंचित आत डोंगराकडं कललेलं. एक म्हातारे बाबा फक्त दगड निवडून द्यायचं काम करत होते, हातात घेऊन फिरवायचे आणि सांगायचे हा इथं. मी विचारलं सिमेंट का नाही, तर म्हणाले, "पान्याला वाट पायजे. कोंडलं की ते भित्ताड घेऊनच खाली जातं."

जमीन दादांची नव्हतीच, शेजाऱ्यांची होती. दादांच्या जमिनीवर मागच्या आठवड्यात सगळे आले होते, पुढच्या आठवड्यात तिसऱ्याकडे जाणार. सावड. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे, पैशाचा व्यवहार नाही, ज्याच्याकडे काम त्याच्याकडे जेवण. एकट्या कुटुंबानं असं खाचर काढायचं म्हटलं तर किती उन्हाळे जातील कोण जाणे, आणि मजूर लावून काढायचं तर ज्याच्याकडे उतारच आहे त्याच्याकडे पैसे कुठून येणार.

या भागात शाश्वत नावाच्या संस्थेनं, म्हणजे कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांनी, कित्येक वर्षं लोकांबरोबर राहून हेच लावून धरलं की पडकई ही लोकांची स्वतःची पद्धत आहे, तिला रोजगार हमीच्या कामासारखी मजुरी मिळाली पाहिजे. डिंभ्याच्या पाण्यात आदिवासींची मच्छीमार सोसायटी उभी राहिली त्यातही त्यांचा वाटा. 2012 साली संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर प्राइझ मिळालं. मला बक्षिसापेक्षा मजुरीचा मुद्दा मोठा वाटतो. माणूस स्वतःच्या जमिनीवर राबतो म्हणजे ते काम नाही असं धरलं जातं, आणि मग तोच माणूस उन्हाळाभर बागायती भागात दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जातो आणि त्याचा उतार तसाच राहतो.

रात्री हुलग्याची शेंगोळी, तांदळाची भाकरी. वहिनी म्हणाल्या, "आता आमच्यावर तुमची सावड चढली." आम्ही म्हटलं अहो तीन तास दगड उचललेत फक्त, तर त्या म्हणाल्या, "तासावर नसती सावड. आलात ना."

दुसरा दिवस

सकाळी दादांबरोबर माळीणच्या बाजूनं आहुप्याकडे निघालो. माळीणबद्दल लिहू की नको असं झालं होतं पण न लिहिणं बरोबर नाही. 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगर खाली आला आणि 151 माणसं गेली. गावाचं पुनर्वसन जवळच आमड्याला झालंय, घरं पक्की आहेत, रस्ते सरळ. जुन्या जागी दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की त्यानंतर लोकांनी पडकईलाच बोल लावला, सपाटीकरणामुळे दरड आली म्हणून. मशीननं उतार कापण्यावरही तेव्हा खूप चर्चा झाली होती. माळीणला नेमकं काय किती कारणीभूत हा तज्ञांचा विषय, मी त्यावर मत देणार नाही. पण काल जे डोळ्यांनी बघितलं त्यावरून एवढं सांगते की हातानं केलेली पडकई आणि जेसीबीनं कापलेला उतार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हातानं करताना दगड बघून, ओल बघून, झाड बघून वळण घेतात, मोठं झाड असेल तर खाचरच वाकडं होतं, मुळं राखायची म्हणून. मशीन एका दिवसात सरळ रेषेत कापून मोकळं होतं. दोन्ही कामांना कागदावर शब्द मात्र एकच वापरतात, सपाटीकरण, आणि मला त्याचा राग येतो.

आहुपे घाटमाथ्यावर, अगदी कड्याच्या टोकाशी, खाली कोकण. गावाची देवराई आहे, आत शिरलं की दुपारीसुद्धा अंधारल्यासारखं, पाचोळ्यावर पाय बुडतो. भीमाशंकरचं अभयारण्य 1985 पासूनचं, पण देवराई त्याच्या कितीतरी आधीपासून लोकांनीच देवाच्या नावानं राखलेली. शेकरूचं घरटं दिसलं, शेकरू नाही दिसलं.

पण आहुप्याला आम्ही हिरड्यासाठी आलो होतो. अंगणाअंगणात बाळहिरडा वाळत टाकलेला, शेवटचा शेवटचा, काळा कुळकुळीत, मनुकांपेक्षा जरा मोठा. आत बी धरायच्या आधीच कोवळं फळ उतरवायचं आणि वाळवायचं तो बाळहिरडा, आयुर्वेदिक औषधाला जातो. झाडावर राहून पिकला की तो मोठा हिरडा, तो कातडी कमावायला, रंगाला. दोन्हीत भावाचा फरक खूप आहे. झाडं बांधावर, मालकीच्या रानात, वारसानं वाटणी होते तशी झाडांचीही होते, या भावाची दोन त्या भावाची तीन. एक मावशी हिरडे उलटेपालटे करत होत्या, त्यांनी हिशोब सांगितला तो असा की भात खायला, हिरडा बाजाराला. भात विकायला उरतच नाही. वर्षाचं तेलमीठ, पोरांची वह्यापुस्तकं, दवाखाना, पावसाळ्याआधीचा किराणा, सगळं ह्या काळ्या फळावर.

आणि त्याचा भाव कोण ठरवतो तर दारात येणारा व्यापारी. सरकारी खरेदी कधी सुरू असते कधी नसते, आणि पावसाळा तोंडावर आलेला असतो, घरात ओल येते, हिरड्याला बुरशी लागली की संपलं, म्हणून मिळेल त्या भावाला द्यायचा. मावशींच्या हातात चार महिने माल कोरडा ठेवायला एक साधी शेड असती तर त्या थांबू शकल्या असत्या. मैत्रीण म्हणाली डोंगरातल्या शेतीवर एवढ्या चर्चा होतात, सगळ्या पिकवण्यावर, साठवण्यावर कुणी बोलत नाही. पटलं मला.

मग निसर्ग वादळाचा विषय निघाला. 3 जून 2020. कोकण किनाऱ्यावर आलेलं वादळ इथं घाटावर चढून आलं आणि हिरड्याची जुनी झाडं मुळापासून गेली. पीक गेलं तर पुढच्या वर्षी परत येतं, हिरड्याचं झाड लावल्यापासून नीट फळायला लागायचं म्हणजे अर्धं आयुष्य. मावशींची तीन गेली. त्यांच्या सासऱ्यांच्या आज्यानं राखलेली होती म्हणे. त्या जागी त्यांनी रोपं लावलीत, गुडघ्याएवढी झालीत, भोवती काट्यांचं कुंपण.

तिसरा दिवस

आज बहुतेक प्रवासच. आहुप्याहून परत घोडेगाव, जुन्नर, ओतूर, आणि तिथून घाट चढून ब्राह्मणवाडा, कोतूळ मार्गे अकोले. एसटी, मग जीप, मग परत एसटी. वाटेत दोन गोष्टी लक्षात राहिल्या. एक म्हणजे उतारांवरचे काळे डाग, लांबून वाटतं वणवा लागलाय. ते राब. भाताचं रोप ज्या तुकड्यावर टाकायचं तिथं शेण, पालापाचोळा, झाडाच्या फांद्या, गवत, वरून माती असे थर रचून ते जाळायचे. राखेनं खत मिळतं, तणाचं बी मरतं, रोप जोमदार येतं. पण त्यासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या दरवर्षी तोडाव्या लागतात, खांबासारखी उभी झाडं दिसतात सगळीकडे. आता काही ठिकाणी गादीवाफा करून त्यात भाताच्या तुसाची राख मिसळतात. डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री भात लागवडीत हे पहिलं सूत्र, पेंढा आणि तूस भातालाच परत द्यायचं. दुसरं गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडायचा, तिसरं दोनतीनच रोपं, ठरावीक अंतरानं लावायची, आणि चौथं म्हणजे चार चुडांच्या, म्हणजे एकत्र लावलेल्या रोपांच्या, मधोमध खताची एक गोळी खोल खोचायची म्हणजे पावसात वाहून जात नाही. ज्या डोंगरात धो धो पाऊस आहे तिथं वरून फेकलेला युरिया ओढ्याला जातो, त्यामुळे ही गोळीची गोष्ट मला खूपच शहाणपणाची वाटली.

दुसरी गोष्ट म्हणजे ब्राह्मणवाड्याच्या अलीकडे दिसलेले पाण्याचे टँकर. चार महिने डोंगर धुऊन काढणारा पाऊस, आणि मे महिन्यात हंड्यांची रांग.

चौथा दिवस

अकोले तालुका म्हटलं की बियाणं. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, बीजमाता. कधी शाळेत गेल्या नाहीत, आणि गावरान बियांची बँक उभी केली. 2018 साली बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत त्या होत्या, 2020 ची पद्मश्री मिळाली. बाएफ संस्थेची साथ आणि परिसरातल्या बायकांचे गट, यातून हे काम त्या एका घराच्या बाहेर किती पसरलंय ते बघायचं होतं, म्हणून आम्ही मुद्दाम त्याच भागातल्या एका वस्तीवर, जिथं कुणी फोटो काढायला जात नाही अशा घरी गेलो.

आजी सत्तरीच्या. ओसरीवर गाडगी मांडलेली, तोंडं शेणमातीनं लिंपलेली. आत राख मिसळलेलं बी, काहीत कडुलिंबाचा पाला. वर आढ्याला कणसं आणि दोडक्या-भोपळ्याची वाळकी फळं टांगलेली, खाली चूल, म्हणजे धूर लागून कीड लागत नाही. वाल आणि घेवडेच किती प्रकारचे. पांढरा, तांबडा, काळा, ठिपक्यांचा, कडू, गोड, एक चपटा आणि जांभळ्या कडेचा. आजी बी हातावर घेऊन सांगायच्या, हा पाऊस उघडल्यावर येतो, हा दिवाळीला, हा जानेवारीपर्यंत शेंगा देतो. मैत्रिणीनं विचारलं की एवढे कशाला, एक चांगला निवडून तोच का नाही लावत, तर आजींना तो प्रश्नच कळला नाही. मग म्हणाल्या, "एकच लावला आन त्याच टायमाला ढग आलं मंग?"

भाताचंही तसंच. हळवा म्हणजे लवकर पिकणारा, निमगरवा मधला, गरवा उशिराचा. उथळ, लवकर सुकणाऱ्या खाचरात हळवा, खोलगट पाणथळ ठिकाणी गरवा. काळभात, रायभोग, जिरवेल अशी वाणांची नावं. दुकानातलं बी आणलं तर ते सगळ्या खाचरात एकसारखंच, एकदम पिकतं आणि एकदम आडवं होतं. शिवाय संकरित बी पुढच्या वर्षी परत विकत घ्यावं लागतं, घरचं धरून चालत नाही. वरच्या उतारावर पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी हे तेलबीचं पीक, मग जमीन काही वर्षं पडीक. आजींच्या लहानपणी पडीक काळ लांब असायचा, आता रान कमी आणि खाणारी तोंडं जास्त, तो आखडत आलाय.

बी कुणाला देता, कसं देता असं विचारलं. वाटीभर नेलं की हंगामानंतर दोन वाट्या आणून द्यायच्या. विकत नाही. मला वाटलं होतं हा बचतीचा भाग असेल, दुप्पट म्हणजे साठा वाढतो, ते आहेच. पण आजींचं बोलणं नीट ऐकलं तेव्हा वेगळंच कळलं, की दोन वर्षांपूर्वी त्यांचा स्वतःचा जांभळ्या कडेचा घेवडा भुंग्यानं पूर्ण खाल्ला आणि गाडग्यात फक्त पीठ उरलं, तेव्हा तोच घेवडा त्यांना पलीकडच्या वाडीतल्या बाईकडून परत मिळाला जिला त्यांनी दिला होता. गाडगं फुटतं, घर गळतं, उंदीर लागतात. बी शेजारणीकडे असलं की ते राहतं. हे ऐकताना मला पहिल्या दिवशीची ताल आठवत होती, एका दगडावर दुसरा, सगळं वजन एकमेकांवर.

वरईबद्दल एक सांगायचं राहिलं. उपासाला आपण भगर खातो ना, तिची टरफलं काढणं हे इतकं मोठं काम आहे की आजींच्या सुना वरई कमी करा म्हणतात. उखळात कांडून हात भरून येतात. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, शहरात नाचणीची बिस्किटं आली, पण प्रत्येक वाडीवर एक साधं चालणारं कांडप यंत्र आणि त्याला वीज, एवढं झालं तर वरई टिकेल. नाहीतर नाचणी राहील आणि वरई जाईल, मला तरी तसं दिसतंय.

पाचवा दिवस

राजूर करून भंडारदरा. राजूरच्या वाटेवर डांगी गाईबैल दिसले, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. ह्या जातीची कातडी तेलकट असते, पाऊस अंगावर मुरत नाही, चिखलात उभं राहून दिवसदिवस काम करतात. ट्रॅक्टर ह्या खाचरांत येऊच शकत नाही त्यामुळे बैल गेला तर शेती गेली.

भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाचं काम 1910 ला सुरू झालं, 1926 ला पूर्ण. प्रवरेचं पाणी शंभर वर्षं खालच्या ऊसाला जातंय, आणि धरणाजवळच्या शेंडी गावाच्या वरच्या वाड्यांमध्ये आम्ही बायकांना विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरताना बघितलं. खालच्या शेतकऱ्याशी माझं भांडण नाही. पण पाऊस ज्यांच्या अंगावर पडतो त्यांच्या झऱ्यांना थोडं राखायला, वरच्या अंगाला चर आणि झाडं आणि छोटे बांध घालायला पैसा सगळ्यात शेवटी येतो.

रात्री काजवे. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर, आख्खं झाड एका तालात लुकलुकतं. दोनतीन आठवड्यांचा खेळ, पाऊस जोरात लागला की संपतो. आम्ही ज्यांच्याकडे राहिलो त्या कुटुंबाची ह्या तीन आठवड्यांची कमाई, चुलीवरचं जेवण आणि अंगणात तंबू, ही बी-खताचा खर्च भागवते. म्हणून पर्यटन नकोच असं मी म्हणणार नाही. पण गाड्यांची रांग, हेडलाईट, गाणी, झाडाच्या बुडाशी उभं राहून टॉर्च मारणारे लोक. काजव्याची मादी मातीत, पाचोळ्यात अंडी घालते आणि आपण तोच पाचोळा तुडवत असतो. घरमालक भाऊ स्वतः रस्त्यावर जाऊन गाड्यांना लाईट बंद करायला सांगत होते, काही ऐकत होते, काही हॉर्न वाजवत होते. शेवटी वाडीतल्या पोरांनी दोर बांधून गाड्या अर्धा किलोमीटर लांबच थांबवल्या आणि तिथून सगळ्यांना अंधारात चालत आणलं. त्यानंतर मात्र शांत झालं, लहान मुलंसुद्धा हळू बोलायला लागली.

सकाळी निघताना फोन आला, डिंभ्याच्या दादांचा. रोहिणी लागल्या, राबावर धूळपेर केली, म्हणजे पावसाआधीच कोरड्यात बी टाकलं, त्या पडकईची ताल पूर्ण झाली आणि वर काळी माती पण पसरली. पहिल्या पावसात पाणी धरतंय का बघायचं आहे. आणि आवणी, म्हणजे भाताची लावणी, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात निघेल, दोन पोरं नोकरीला लागली म्हणून माणसं कमी पडतायत, येता का. मैत्रिणीनं फोन माझ्याकडे दिला. मी विचारलं आम्हाला रोपं लावता येत नाहीत, चालेल का. मागून वहिनींचा आवाज आला, चूड वाहून द्यायला तर येतील, म्हणावं इरलं आमच्याकडं आहे.

चार दिवसांची रजा टाकलीये दोघींनी.